आधी मधला पगार विचारा

सोलापुरातल्या पार्क चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा चहा निवेपर्यंत वाद चालला, तो अण्णांच्या मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशावरून. अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. त्यांनी पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे माहितीपत्रक काढले, त्यावरच्या भल्यामोठ्या पॅकेजवर बोट ठेवले आणि व्यवस्थापन कोट्यातून जागा घेण्यासाठी कर्ज काढणार असल्याचे सांगून टाकले.

गणित शिकवणाऱ्या मास्तरांनी वर्तमानपत्राच्या कडेवर पाच मुलांचे वार्षिक पगार मांडले: 3, 3, साडेतीन, 4 आणि 40 लाख. सरासरी 10.7 लाख येते. रांगेतल्या मधल्या मुलाला मात्र साडेतीनच लाख मिळतात. जाहिरातीत 40 छापले जातात, म्हणून मुलीने विचारायचा तो मधला आकडा, म्हणजे मध्यक, असे मास्तरांचे म्हणणे होते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांच्या माहितीत तो पाहायला मिळतो.

बँकेतल्या भाऊंनी त्यापुढे हप्ता मांडला. दरवर्षी 1 लाख याप्रमाणे चार वर्षांत 4 लाख उचलले, व्याजदर 10 टक्के धरला आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत काहीच भरले नाही, तर सरळ व्याजच 1 लाख 40 हजार होते. मग 5 लाख 40 हजारांचा सात वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे 9 हजार बसतो. साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये महिन्याचे 29 हजारही पूर्ण हाती पडत नाहीत, आणि या हिशेबात पुण्यातली खोली व मेस धरलेलीच नव्हती.

अण्णा दुखावले. "हिशेब काय तो गरिबाच्या पोरांनीच करायचा का?" असे त्यांनी विचारले, आणि थोडा वेळ कोणालाच बोलता आले नाही. प्रश्न खरा होता. तरीही मला वाटते की श्रीमंताच्या मुलाचा अंदाज चुकला तर वडिलांचे पैसे जातात, आपल्या मुलीचा चुकला तर हप्त्यासाठी तिला मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागते. म्हणून हिशेबाची गरज तिलाच जास्त आहे.

मुख्य गोष्ट त्यानंतर निघाली. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरते, पण प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून नव्हे, तर राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असेल तरच. म्हणजे प्रश्न पुणे की सोलापूर हा नव्हता, प्रवेश कोणत्या वाटेने घ्यायचा हा होता. फेरीत जागा मिळालीच नाही तर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हेही भाऊंनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी अण्णा मुलीलाच घेऊन आले. तिने मास्तरांचा कागद शांतपणे वाचला आणि विचारले, "काका, ज्यांना नोकरी लागलीच नाही, ती मुले या मधल्या आकड्यात धरली आहेत का?"

नाही, असे मास्तरांनी सांगितले. मग त्या वर्षी उत्तीर्ण किती झाले आणि नोकरी किती जणांना लागली, हे आम्ही तिच्याच मोबाइलवर शोधायला बसलो.