‘एरर आली की सुडो मारा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘पाच मिनिटांत वेब प्रोजेक्ट सेटअप, नाद खुळा, भावांनो’. त्यात सल्ले चार. परमिशनची एरर आली की कमांडपुढे सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा शब्द) लावा, तरी अडलं तर फोल्डरला ७७७ परमिशन (कुणालाही वाचायची, बदलायची, चालवायची मुभा) द्या. पॅकेज-लॉक फाइल (पॅकेजेसच्या, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांच्या, नेमक्या आवृत्त्यांची नोंद) उडवा आणि फोर्स मारा, म्हणजे एररकडे दुर्लक्ष करून इन्स्टॉल करा. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने (रिअ‍ॅक्ट या वेब लायब्ररीच्या प्रोजेक्टचा सांगाडा बनवणारं टूल) सुरुवात करा. नेट वाचवायचं तर नोड मॉड्यूल्सचं (उतरवलेली पॅकेजेस ठेवणारं) फोल्डर मित्राकडून पेन ड्राइव्हवर आणा. माझ्या भाचीने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी यातलं सगळं जसंच्या तसं केलं, म्हणून हे लिहितोय.

आधी सुडो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. उबंटू या लिनक्सवर एपीटी या त्याच्या इन्स्टॉलरने नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) टाकला की ग्लोबल, म्हणजे अख्ख्या मशीनसाठी टाकलेली, पॅकेजेस यूएसआर फोल्डरच्या आत जातात आणि त्या जागेची मालकी रूटकडे, म्हणजे सिस्टिमच्या अ‍ॅडमिनकडे, असते. म्हणून ग्लोबल इन्स्टॉलला ‘ईअ‍ॅक्सेस’ (परवानगी नाही) ही एरर येते. एनपीएम हे नोडची पॅकेजेस उतरवणारं टूल; त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये या एररसाठी वेगळं पानच आहे. त्यात उपाय दोन : नोड व्हर्जन मॅनेजरने (एनव्हीएमसारख्या, नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलने) एनपीएम नव्याने टाका, ही त्यांची शिफारस, नाहीतर ग्लोबल पॅकेजेसची जागा बदलून स्वतःच्या होम फोल्डरमध्ये घ्या. दरवेळी सुडो लावा, हा उपाय त्यात नाही. ते पान उघडून वाचायला मेसेज फॉरवर्ड करण्याइतकाच वेळ लागतो.

होममधल्या प्रोजेक्ट फोल्डरात तर सुडोचं कामच नाही. तिथे एकदा सुडोने इन्स्टॉल केलं की नोड मॉड्यूल्स रूटच्या नावावर जाऊ शकतं. मग पुढची साधी कमांड अडते, पोरांना वाटतं सुडोशिवाय चालतच नाही, आणि पुन्हा सुडो. ही एरर त्या मेसेजनेच तयार केलेली असते.

याहून वाईट पुढे आहे. एनपीएमच्या पॅकेजला इन्स्टॉल होताना स्वतःची स्क्रिप्ट चालवता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस या भरपूर वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या लेखकाचं खातं हॅक झालं आणि ०.७.२९, ०.८.० व १.०.० या आवृत्त्यांमध्ये अशीच स्क्रिप्ट घुसवली गेली. लिनक्सवर ती क्रिप्टो माइनर (तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोचलन कमावणारा प्रोग्राम) उतरवायची, विंडोजवर त्याच्या जोडीला पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही. असलं काही सुडोने ग्लोबल टाकलं तर त्याला अख्खं मशीन मोकळं मिळतं.

७७७ परमिशनने प्रश्न सुटत नाही, लपतो. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) न बदललेल्या फाइलीही ‘मॉडिफाइड’ दिसायला लागतात, कारण गिट एक्झिक्यूटची परमिशन नोंदवतं. हीच कमांड चुकून अख्ख्या होमवर चालली तर एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारं टूल) तुमची प्रायव्हेट की नाकारतं आणि त्यातून होणारं पुश, म्हणजे कोड सर्व्हरवर पाठवणंही, बंद.

ज्यांनी हे करून ठेवलंय त्यांनी चोन (chown) या मालकी बदलणाऱ्या कमांडने प्रोजेक्ट फोल्डर आणि होममधलं ‘डॉट एनपीएम’ फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसकट स्वतःच्या नावावर करून घ्यावं. सुडो इथे एकदाच लागेल. मग एनव्हीएम टाका, टर्मिनल बंद करून उघडा, त्यातून नोडची एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट असलेली) आवृत्ती घ्या. ‘व्हिच नोड’ विचारल्यावर उत्तरात होममधल्या एनव्हीएमचा रस्ता दिसला पाहिजे; यूएसआर दिसलं तर जुनाच नोड चालू आहे. शेवटी नोड मॉड्यूल्स काढा आणि एनपीएम सीआय (लॉक फाइलप्रमाणेच पॅकेजेस बसवणारी कमांड) चालवा.

आता लॉक फाइल. पॅकेज डॉट जेसन या प्रोजेक्टच्या पॅकेज-यादीत आवृत्तीआधी टोपीची खूण (^) असते, तिचा अर्थ मुख्य आकडा तोच ठेवून पुढची कुठलीही चालेल. नेमकी कुठली बसवली हे लॉक फाइल सांगते. ती उडवली की घरी चाललेला प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये वेगळ्या आवृत्त्या घेऊ शकतो आणि सबमिशनच्या दिवशी बंद पडतो. लॉक फाइल गिटमध्ये टाका, नोड मॉड्यूल्स टाकू नका. आणि ‘ईरिझॉल्व्ह’ (पॅकेजेसच्या आवृत्त्या जुळत नाहीत) ही एरर आली तर फोर्स मारण्याआधी ती एरर वाचा. कुठल्या पॅकेजला कुणाची कुठली आवृत्ती हवी आहे, ते तिथेच लिहिलेलं असतं.

क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप रिअ‍ॅक्टच्या टीमनेच १४ फेब्रुवारी २०२५ ला नव्या प्रोजेक्टांसाठी बंद जाहीर केलं. विषय संपला. शिकायला व्हीट (तसाच सांगाडा बनवणारं टूल) घ्या : एनपीएम क्रिएट व्हीट अ‍ॅट लेटेस्ट (npm create vite@latest). टेम्पलेटचं (तयार साच्याचं) नाव कमांडमध्येच द्यायचं असेल तर त्याआधी दोन सुटे डॅश हवेत, नाहीतर तो पर्याय एनपीएम स्वतःसाठीच धरतं. प्रोजेक्टच्या नावात मोठी इंग्रजी अक्षरं आणि स्पेस नकोत.

पेन ड्राइव्हच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागेल. हॉस्टेलच्या नेटवर तेच पॅकेज पुन्हा पुन्हा उतरवणं जिवावर येतं, आणि दोन्हीकडे तीच ऑपरेटिंग सिस्टिम व तोच नोड असेल तर कॉपी चालूनही जाते. पण ईएसबिल्डसारखी पॅकेजेस प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी बायनरी (थेट चालणारी फाइल) आणतात, त्यामुळे विंडोजवरचं फोल्डर उबंटूवर चालत नाही. लिनक्सवर आतल्या ‘डॉट बिन’मध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) असतात आणि फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह त्या साठवू शकत नाही, मग ‘व्हीट नॉट फाउंड’. त्यापेक्षा प्रोजेक्ट आणताना नोड मॉड्यूल्स वगळा आणि एनपीएम सीआयला ‘प्रिफर ऑफलाइन’ हा पर्याय जोडा. त्या लॅपटॉपवर आधी उतरलेली पॅकेजेस कॅशमधूनच येतात, नेट उरलेल्यांपुरतंच लागतं.