‘जाळी काढा, मायलेज वाढवा’ म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय. पेट्रोल गाडीत सायलेन्सरच्या आधी बसवलेली ‘जाळी’, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नुसता धूर गाळते आणि इंजिनाचा दम कोंडते. कंपन्यांनी पैसे उकळायला बसवली आहे. काढली की मायलेज वाढतं, शिवाय पीयूसीही पास होते.

मुळात ती गाळणी नाहीच. गाळणीत घाण साठते, इथे गॅसचं रूप पालटतं. मधाच्या पोळ्यासारख्या सिरॅमिक ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो. त्यावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोलही जळतं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन सुटून साधा नायट्रोजन उरतो. गंमत म्हणजे पहिल्या दोन कामांना ऑक्सिजन पुरवावा लागतो, तर तिसऱ्यात काढून घ्यावा लागतो! एकाच डब्यात हे जमवायचं तर पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सांभाळावं लागतं. ते ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सांभाळतात.

जाळी काढल्याने हे प्रमाण बदलत नाही, मग मायलेज कुठून वाढणार? धड कन्व्हर्टरचा अडथळा किरकोळ असतो. ‘काढली आणि गाडी पळायला लागली’ म्हणणारे खोटं बोलत नसतील, पण त्यांची जाळी आधीच तुंबलेली किंवा वितळलेली असणार. प्लग मिसफायर झाला, म्हणजे ठिणगी नीट पडली नाही, की कच्चं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि ठोकळा वितळतो. दुखणं प्लगचं आणि कापून काय टाकलं, तर जाळी.

कंपन्यांची शक्कल म्हणाल, तर १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा केला तो सरकारने. शिशाने तो निकामी होतो, म्हणून त्याच्याबरोबर शिसेमुक्त पेट्रोलही आणावं लागलं.

पीयूसीचं मात्र थोडं खरं आहे. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणजे पास झालेली गाडी स्वच्छच असेल असं नाही. पण हा दोष तपासणीचा.

खरी उणीव मेसेजवाल्यांना सापडलीच नाही. साधारण २५०-३०० अंश तापेपर्यंत कन्व्हर्टर जवळपास काहीच करत नाही, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच्या फेरीत त्याचा उपयोग थोडाच.

आणि कुणी ‘फुकटात काढून देतो’ म्हणालाच, तर आतल्या धातूंना भंगारातही चांगला भाव असतो हे लक्षात ठेवा. काढलेला ठोकळा मी घरी नेतो म्हणा आणि त्याचा चेहरा बघा.