ड्रिल मशीन ‘हलतंय’ म्हणून भंगारात? आधी काय हलतंय ते बघा

‘पिलर ड्रिल जुनं झालं, भोक वाकडं जायला लागलं, की त्यावर पैसे घालू नका. बेअरिंग मिळत नाही, चक गेला की स्पिंडलही गेलंच समजा, स्लीव्ह हलायला लागली तर इलाज नाही. त्यापेक्षा किलोवर विका आणि नवीन बेंच ड्रिल आणा.’ हा सल्ला वर्कशॉपवाल्यांच्या मोबाइलवर सारखा फिरत असतो. (नवख्यांसाठी: पिलर ड्रिल म्हणजे खांबावर बसवलेलं ड्रिल मशीन, स्पिंडल म्हणजे त्यातला फिरणारा दांडा, चक म्हणजे बिट पकडणारा भाग आणि स्लीव्ह म्हणजे स्पिंडलला घेऊन वर-खाली सरकणारी नळी.) मलाही तीनदा आला. दर वेळी पाठवणाऱ्याला विचारलं, तुमच्या मशीनला नेमकं झालंय काय? तिघांचं उत्तर एकच: ‘हलतंय.’

हलतंय, पण काय? भोक वाकडं जाण्यात बऱ्याचदा मशीनचा हातच नसतो, बिटाचा असतो. बिट काचेवर लोळवा. वाकलेलं असेल तर खालची फट उघडझाप करताना दिसते. ग्राइंडरवर हाताने धार लावताना एक धार लांब आणि एक आखूड राहिली, तर 10 मिमीचं बिट त्याहून मोठं भोक पाडणारच, मशीन कालच खोक्यातून काढलेलं असलं तरी. एकाच बाजूने चिप, म्हणजे धातूचा कीस, निघत असेल तर एकच धार कापतेय. आणि पंचने खळगा न पाडता गोल पाइपवर बिट टेकवायचं, ते घसरलं की मशीनला शिव्या घालायच्या, हे तर रोजचंच.

बिटावर ठपका नसेल तर डायल गेज काढा, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं माप. प्लग काढून ठेवा, गेजचं मॅग्नेटिक स्टँड टेबलवर बसवा, चकमध्ये सरळ डॉवेल पिन (नेमक्या जाडीची पोलादी पिन) धरा आणि पुली हाताने फिरवा. मग चक उतरवून स्पिंडलच्या टेपरच्या, म्हणजे खालच्या निमुळत्या भोकाच्या, आतून तेच माप घ्या. पिनवर काटा 0.15 मिमी फिरतोय आणि टेपरमध्ये 0.02, तर दोषी चक किंवा त्याचा आर्बर, म्हणजे चकला टेपरमध्ये बसवणारा निमुळता दांडा. टेपरमध्येही तेवढाच फिरतोय, तर स्पिंडल हाताने बाजूला दाबा. दाबल्यावर काटा हलला आणि सोडल्यावर परतला, की बेअरिंग ढिलं. दाबून ढिम्म, पण प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी काटा चढतो, तर स्पिंडल वाकलंय. शेवटी गेज थेट स्लीव्हवर लावून स्लीव्ह हलवायची, म्हणजे तिचाही हिशेब कळतो. अर्ध्या तासाचं काम आहे. ते न करता मशीन भंगारात काढणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता पेशंटचं घर आवरायला घेणं.

आता बेअरिंग. ‘कंपनीचंच लागतं, कंपनी बंद पडली’ असं सांगतात. पण बेअरिंग ड्रिल मशीनच्या कंपनीचं नसतंच. त्याचा नंबर जगभर एकच. कडेवर 6203 कोरलेलं असेल तर आतला व्यास 17, बाहेरचा 40, जाडी 12 मिमी. 6205 म्हणजे 25, 52, 15. 04 पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक निघतं. मुंबईत नागदेवीला जा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा किंवा तालुक्याच्या गावी पंपवाल्याकडे, नंबर सांगितला की दुकानदार मशीनचं नावही विचारत नाही. अडचण असलीच तर जुन्या इंग्रजी मशीनची. त्यांत इंची मापाचं बेअरिंग निघू शकतं आणि मग शोधाशोध होते. खरी काळजी वेगळीच: डुप्लिकेट माल. खोकं बघून भुलू नका, ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन घ्या.

बसवताना मात्र लोक घाण करतात. स्पिंडलवर चढवताना जोर आतल्या रिंगवरच द्यायचा, त्या मापाचा पाइप लावून. बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की तो जोर गोळ्यांमधून जातो, रिंगच्या खाचेत बारीक खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. गरम करून चढवायचं असेल तर रबरी सीलवालं 80 अंशांच्या वर नेऊ नका. आणि काढताना सर्क्लिप (बेअरिंग अडवून धरणारी, खाचेत बसणारी रिंग) राहिली नाही ना ते आधी बघा. सर्क्लिप न काढता बेअरिंग ओढायचा पुलर आवळणारे कमी नाहीत.

‘चक गेला म्हणजे स्पिंडल गेलं’ हे तर साफ चूक. चक फक्त टेपरवर घट्ट बसलेला असतो. स्लीव्ह खाली घ्या, खाचेत ड्रिफ्ट (पाचरीसारखी पट्टी) घाला, एक टोला द्या, चक आर्बरसकट हातात. नवा बसवण्याआधी टेपर आतून कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा थेंबही नको. ओरखड्याची कड उठलेली असेल तर तेवढीच काढा. चकचे जॉ, म्हणजे बिट धरणारे दात, आत ओढून घ्या आणि लाकडी हातोडीने वर ठोका. चक वारंवार सुटत असेल तर आधी स्वतःच्या सवयी तपासा. मी एकदा शहाणपणा करून चकमध्ये एंड मिल (बाजूनेही कापणारं मिलिंगचं हत्यार) धरून खाच काढायला गेलो होतो. टेपर वरून खाली दाबलेलं सोसतो, बाजूने ढकललेलं नाही. चक फिरत फिरत टेबलवर पडला. पाय लांब होता, एवढंच नशीब.

स्लीव्हच्या बाबतीत मात्र सल्ला अर्धा खरा आहे. स्लीव्ह नुसती डाव्या-उजव्या बाजूला वळत असेल, तर कित्येक मशीनच्या डोक्याच्या (वरच्या ओतीव भागाच्या) बाजूला बिनडोक्याचा ग्रब स्क्रू आणि तो जागी धरणारा चेक नट असतो; स्क्रूचं टोक स्लीव्हच्या खाचेत चालतं. स्क्रू पाव फेरा आवळून बघा, स्लीव्ह अडकणार नाही इतपतच. पण डोक्याचं भोकच अंडाकृती झालं असेल, तर ते बोअर करून (गोल कापून मोठं करून) आत बुश, म्हणजे नवी नळी, घालावी लागते. ते टर्नरचं, म्हणजे लेथवाल्याचं, काम, मजुरीही लागते. स्वस्तातल्या हलक्या मशीनवर तेवढा खर्च मीही करणार नाही.

हँडल सोडल्यावर स्पिंडल वर जात नाही, म्हणूनही लोक मशीन विकतात. ती बाजूच्या टोपीतली घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते. मिळते, बदलता येते. फक्त टोपी मोकळी करताना हातमोजे घाला आणि पकड सोडू नका. सुटली तर बोटं कापते. पट्टा कडक झाला असेल तर त्यावरचा नंबर वाचून तसाच आणा. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर आधी कपॅसिटर.

राहिलं ‘नवीनच घ्या’. नव्या स्वस्त बेंच ड्रिलमध्येही बऱ्याचदा तसलंच 62 सीरिजचं (62 ने सुरू होणाऱ्या नंबरचं) बेअरिंग असतं. फरक असतो तो पिलरच्या जाडीत आणि बीडाच्या वजनात. जुनं डोकं दोघांनी उचलावं लागतं; 12 मिमीचं बिट प्लेटीत शिरताना ते वजनच मशीनला थरथरू देत नाही.

एक गोष्ट मात्र वाचवत बसू नका: डोक्याच्या किंवा बेसच्या ओतकामाला आरपार चीर गेली असेल तर. बीडाचं वेल्डिंग होतं, पण भार घेणाऱ्या जागी त्यावर माझा भरवसा नाही. तेव्हा खुशाल भंगारात द्या. त्याआधी मोटर, पुल्या, चक आणि टेबलवरचा व्हाइस काढून घ्या. भंगारवाला त्यांचेही किलोचेच पैसे देतो.