गल्लीचा इतिहास लिहिताय? मग एवढं पाळाच

नाशिकच्या भांडी बाजारातून किंवा दहीपुलावरून गंगेकडे, म्हणजे आपल्या गोदावरीकडे, उतरणाऱ्या आपल्या गल्लीचा इतिहास लिहायला घेतलात? उत्तम. फक्त कागदपत्रांच्या नादी लागू नका. कागद बघितला की वाडा शंभर वर्षांनी तरुण होतो. त्यापेक्षा सरळ 'पेशवेकालीन' लिहून मोकळे व्हा. राघोबादादा आनंदवलीला जाता-येता तुमच्याच ओसरीवर पाणी प्यायला थांबले होते, हेही घाला. शेजारच्या वाड्यातही तेच सांगतात. एवढ्या ओसऱ्यांवर थांबत दादा आनंदवलीला पोचले कधी, असलं विचारणारा वाचक पुस्तक विकत घेत नसतो.

१९०९ सोडू नका. २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, तेव्हा तुमचे पणजोबा तिसऱ्या रांगेत होते. गावातल्या सगळ्यांचेच होते. एवढे पणजोबा बसवायचे तर नाटक थिएटरात नव्हे, आज कान्हेऱ्यांचं नाव असलेल्या मैदानावरच लावावं लागलं असतं.

पुराच्या प्रकरणात हात सैल सोडा. गंगेचं पाणी मोजायला नाशिककरांकडे नदीपात्रात उभी दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला, एवढ्यावर अख्ख्या गावाला पुराचा अंदाज येतो. पण मारुती साक्षीला असला की थापा मारता येत नाहीत, म्हणून तुम्ही आपल्या जिन्याच्या पायऱ्या मोजा. १९६९ ला सातव्या पायरीपर्यंत, २००८ ला पाचव्या. मधल्या काळात जिना नवा बांधला, हे तळटीपेतही नको. दहीपुलावर दरवर्षी सरस्वती नाला तुंबून जे गुडघाभर साचतं, त्यालाही 'गोदामाईचा कोप' म्हणा. नाला तुंबला असं लिहिलं की इतिहासाचा दर्जाच घसरतो.

राहता राहिले रहिवासी. ते आटोपशीर ठेवा. मालकांच्या सात पिढ्या आल्या की झालं. मागच्या खणात दिवसभर तांब्याच्या हंड्यावर ठोके घालणारा तांबट, चौकातल्या एका नळावर पहाटे चारला बादल्यांची रांग लावणाऱ्या बायका, पुरात धान्याचे डबे माळ्यावर चढवून रात्रभर त्यांच्याशेजारी बसून राहिलेली पोरं, हे सगळे भाडेकरू. भाडेकरूंना इतिहास दिला की उद्या ते जागाही मागतात, आणि बिल्डरशी बोलणी तर आत्ताच रंगात आली आहेत. शेवटच्या पानावर नव्या इमारतीचं चित्र छापा. नावात 'वाडा' असू द्या, तेवढंच जतन.

आणि हो, प्रकाशन डिसेंबरात करा. ऑगस्टात ठेवलंत तर अध्यक्ष बोलायला उभे राहायला आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची वर्दी यायला एकच गाठ पडेल. मग श्रोते दुकानातला माल वर चढवायला धावतील, आणि त्या घाईत तुमच्या पुस्तकांचे गठ्ठे आधी कोणी उचलेल, या भ्रमात राहू नका.