एक टप्पा आउट

नेरूळमध्ये रविवारी सकाळी मैदान रिकामं नसतं. एकावर एक अशा पाच-सहा क्रिकेट मॅचेस चाललेल्या असतात. इकडचा मिडऑफ तिकडच्या स्लिपमध्ये उभा. त्या गर्दीतल्या एका कोपऱ्यात मी आमच्या सोसायटीच्या पोरांना बेसबॉल शिकवतो. पात्रता काय, तर कंपनीने मला काही महिने न्यू जर्सीला पाठवलं होतं आणि येताना मी एक टोपी आणली होती. कमिटीला तेवढं पुरलं.

पोरं गुणी आहेत, पण अंगात क्रिकेट भिनलंय. सी विंगमधल्या चष्मेवाल्याने झकास फटका मारला, जागेवरून हलला नाही आणि हात वर करून ओरडला, "नो! नो!" समोर नॉनस्ट्रायकर नव्हताच, तरी त्याला परत पाठवलं.

"अरे, पळ!"

"काका, रन नाहीये त्यात."

दोन फाऊल लाइनींच्या, म्हणजे दोन बाजूंच्या हद्दीच्या रेषांच्या, आत चेंडू गेला की पळावंच लागतं, तुमची मर्जी कोणी विचारत नाही, हे ऐकून तो खरोखर दुखावला. दुसरा पळाला, पण बॅटसकट, आणि पहिल्या बेसपाशी, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या थांब्यापाशी, वाकून त्याने बॅट टेकवली. बॅट टाकून पळायचं म्हटल्यावर म्हणतो, "आणि कोणी उचलून नेली तर?" आमचं मैदान बघता प्रश्न रास्त होता. फील्डिंगवाल्यांची वेगळीच तऱ्हा. टप्पा पडून हातात आलेल्या चेंडूवर सगळे एकसुरात "एक टप्पा आउट!" म्हणून नाचतात, तोवर बॅटर दुसऱ्या बेसवर.

बेस म्हणजे पायपुसणी. घराघरातून गोळा केलेली. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी लिटल लीगच्या, म्हणजे पोरांच्या बेसबॉलच्या अमेरिकन संघटनेच्या, नियमात दोन बेसमध्ये 60 फूट अंतर असतं. मी ते टेपने मोजून घेतलं, तर दुसरा बेस शेजारच्या मॅचच्या मिडविकेटच्या पायाखाली आला. माणूस सज्जन आहे, आमचं पोर धावत आलं की बाजूला सरकतो. पण घरचं वळण इतकं पक्कं, की काही पोरं प्रत्येक बेसवर थांबून दोन्ही पाय पुसतात आणि मगच पुढे जातात. बॅटर जिथे उभा राहतो त्या होम प्लेटवर तर 'सुस्वागतम्' लिहिलंय.

सुरुवातीला मी एकाला बॅटिंग देऊन बाकीच्यांना रांगेत उभं करायचो. रांगेतलं पोर दोन मिनिटं शांत राहतं. तिसऱ्या मिनिटाला ते माती उकरतं, चौथ्याला ती माती पुढच्याच्या कॉलरमध्ये जाते. म्हणून आता तीन टोळ्या केल्यात. एक टोळी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारते, दुसरी सरपटी चेंडू अडवते, तिसरी नुसती बेसवरून धावते. दहा मिनिटांनी शिट्टी, की जागा बदल. उभं राहायला कोणाला सवडच नाही. या व्यवस्थेत सगळ्यात जास्त मी धावतो, ते जाऊ दे.

ग्लोव्हचं प्रकरण मात्र चिवट. उजव्या हाताने फेकणाऱ्याने ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा असतो. पोरं तो उजव्या हातात चढवतात, कारण कॅच उजव्या हातात बसतो. मग चेंडू पकडतात, ग्लोव्ह काढून काखेत मारतात, उजव्या हाताने फेकतात आणि काखेतला ग्लोव्ह पडला म्हणून शोधत बसतात.

पालक कट्ट्यावरून बघत असतात. आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, ए विंगमधली बारा वर्षांची मुलगी. तिच्यासारखा सरळ हात अख्ख्या सेक्टरात नसेल. तिचे बाबा म्हणाले, "अजून टाकू दे की!" मी सांगितलं, लिटल लीगमध्ये या वयाला दिवसाला 85 पिचेसची मर्यादा आहे, वाढत्या वयात कोपर दुखावतं. त्यावर शेजारचे आजोबा म्हणाले, आमच्या वेळी आम्ही दिवसभर टाकायचो. त्यांचा खांदा आता वर जात नाही, हे सांगणं माझ्या जिभेवर आलं होतं.

"दहावीला मार्क मिळतात ना याचे?" हे दर रविवारी असतंच. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही स्पर्धांची उतरंड समजावून सांगितली की चेहरे पडतात. एका काकांनी मग रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचं उदाहरण दिलं: उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी पोरं, 2008 मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून थेट पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघात! सगळे प्रभावित झाले. तेवढ्यात एका काकूंनी मोबाइलवर शोधून जाहीर केलं, की रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्ती खेळायला गेला. त्यांचा मुलगा आता पायपुसण्यांवर कुस्ती खेळतो.

गेल्या रविवारी शेजारच्या टीमला एक गडी कमी पडला. चष्मेवाला मला न विचारताच गेला, ग्लोव्हसकट. लाँगऑनला उंच झेल आला आणि पठ्ठ्याने तो टप्प न वाजवता घेतला. चक्क टप्प्याच्या आधी! आउट झालेला बॅट्समन खवळला. विकेटकीपर सोडून कोणालाही ग्लोव्ह चालत नाही, म्हणाला, आणि नियमाने त्याचंच बरोबर होतं. दोन्ही टीम पाच मिनिटं भांडल्या. शेवटी त्यांचा कॅप्टन माझ्याकडे आला.

"काका, हा पोरगा आम्हाला द्या. ग्लोव्ह तुम्ही ठेवा."