संकासुर कोण होणार?

माझ्या पहिल्या लढाईत मी पाणी वाहिलं. ऑगस्टमधला रविवार, इंग्लंडच्या मानाने कडक ऊन, मैदानाच्या एका अंगाला आइस्क्रीमची गाडी आणि दुसऱ्या अंगाला राजाची फौज. अंगात जाड लोकरी घागरा, डोक्याला पांढरं फडकं, खांद्यावर पाण्याच्या बाटल्या. बाटल्या प्लास्टिकच्याच, पण वरून गोणपाट शिवलेलं, कारण प्रेक्षकांना प्लास्टिक दिसता कामा नये. दोन फळ्या भिडून मागे हटल्या की मधल्या मिनिटभरात धावत जायचं आणि सोळा फुटी भाले पेलून घामाघूम झालेल्या शाळामास्तरांना, नळदुरुस्तीवाल्यांना, एका दंतवैद्याला पाणी पाजायचं. कोकणात हर्णैला माझी आजी शिमग्यात सोंगं घेऊन दारोदार येणाऱ्या खेळ्यांना पाणी द्यायची, गुळाच्या खड्यासकट. मी इथे चार्ल्स राजाच्या शत्रूंना देते. गूळ तेवढा राहिला.

आमचा गट छोटा आहे. १६४२ ते १६५१ या काळात इथे राजा आणि पार्लमेंट यांच्यात जी यादवी झाली, तिच्यातल्या लढाया आम्ही उन्हाळी जत्रांत, जुन्या वाड्यांच्या हिरवळीवर उभ्या करतो. पगार नाही, पेट्रोल स्वतःचं, तंबू स्वतःचा. या देशात हे वेड जुनं आहे. ‘सील्ड नॉट’ नावाची मोठी संस्था १९६८ पासून हेच करते. बाहेरून पाहताना मला ही म्हाताऱ्यांची हौस वाटली होती. आत गेल्यावर कळलं की हौसेला इथे भलतीच शिस्त आहे. मैदानात उतरण्याआधी एक बाई येऊन प्रत्येकाला आपादमस्तक न्याहाळतात: घड्याळ काढा, नखांचा रंग पुसा, हा काठ मशीनवर शिवलाय, तो आत दुमडा. बंदुकीत गोळी कधीच नसते, फक्त दारू; पण ती दारू जवळ बाळगायलाही पोलिसांचा परवाना लागतो. खरोखर कुणाला लागलं तर ओरडायचा एक ठरलेला शब्द आहे. तो कानावर आला की दोन्ही फौजा जागच्या जागी थांबतात.

दोन वर्षं पाणी वाहिल्यावर माझ्या हातात बंदूक आली. तोड्याची बंदूक. सोऱ्यात भिजवलेली जामगी, म्हणजे दोरीची वात, सतत पेटती ठेवायची, तिच्यावर फुंकर घालत राहायचं, पाऊस आला की टोपीखाली लपवायची. शिकवणारा गृहस्थ मला हे सगळं नवीन असेल असं धरून चालला होता. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुमच्या राजाचं डोकं ३० जानेवारी १६४९ ला उडवलं तेव्हा आमचे महाराज एकोणिसाव्या वर्षात होते, आणि त्यांच्या लोकांच्या हातातही हीच पेटती दोरी होती. त्याला हे ऐकून इतका आनंद झाला, की त्या दिवसापासून दर जत्रेत तो मला लोकांपुढे उभं करतो आणि ‘आता ही तुम्हाला दुसरी बाजू सांगेल’ म्हणतो. दुसरी बाजू म्हणजे काय, हे त्यालाही धड ठाऊक नाही आणि मलाही.

हे सगळं आठवायचं कारण गावाकडचं भांडण. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले चार आपल्या किनाऱ्यावरचे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. सुवर्णदुर्ग म्हणजे आमच्या दारातला. सकाळी उठून ओटीवर आलं की समुद्रात दिसतो तो. तेव्हापासून आमच्या आळीच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. तरुण मुलांना थंडीत, पर्यटक असतात तेव्हा, किनाऱ्यावर युद्धाचं प्रात्यक्षिक करायचंय. माझे फोटो दादानेच त्यांना दाखवले, त्यामुळे अर्धं पाप माझं. जाणत्यांपैकी एका गटाचं म्हणणं, किल्ला ही पवित्र जागा, तिथे सोंगं नाचवू नका. दुसरा गट म्हणतो, सोंगं नाचवा पण आधी धक्क्यावर दोन संडास बांधा. हे दुसरे लोक मला फार आवडतात. तिसरे मोठ्या पुतळ्याची मागणी करतात. त्यांना कुणीतरी मालवणची आठवण दिली: राजकोटावरचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यावर उत्तर आलं, मग त्याहून उंच बांधलाच की नाही? बांधला, खरंय. त्यानंतर ग्रुपवर दोन दिवस फक्त शुभ सकाळ.

पावित्र्यवाल्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. सुवर्णदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्यांच्या परवानगीवाचून आत काही करता येत नाही आणि येऊ नये. तिथे गेलेल्याला माहीत आहे: पायरीवर कोरलेलं कासव, भिंतीतला मारुती, आणि आत शिरलं की कमरेएवढं रान. तिथे दोनशे माणसं पळवली तर उरलंसुरलं जोतंही उखडेल. इथेही खऱ्या रणभूमीवर सहसा खेळत नाहीत, शेजारच्या शेतात खेळतात. आमच्याकडे शेत नाही, पुळण आहे. ओहोटीला केवढी पसरते! फक्त संध्याकाळचा मासळीचा लिलाव, होड्यांकडे ये-जा करणाऱ्या बैलगाड्या आणि भरतीची वेळ, या तिघांशी बोलून ठरवायला हवं. लिलावाच्या वेळी तिथे फौज आली तर आमच्या बायका टोपलीनेच तिला परतवतील, आणि तो खरा ऐतिहासिक प्रसंग होईल.

माझी अडचण वेगळीच आहे. मुलांनी पाठवलेली यादी पाहिली: महाराजांचे मावळे साठ, आरमारी सैनिक चाळीस, ढोलवाले तीस, भगवे झेंडे पंचवीस. शत्रू: शून्य. मी विचारलं, लढाई कुणाशी? उत्तर आलं, ताई, ते बघू.

मी आजवर पाहिलेल्या बहुतेक प्रात्यक्षिकांत हेच आहे. दांडपट्टा फिरतो, लिंबू कापलं जातं, लाठीचं चक्र होतं, अंगावर काटा येतो. पण समोर कुणी नसतं. त्यामुळे कुणी हरत नाही, कुणी पडत नाही, आणि जिंकणंसुद्धा कुणाविरुद्ध ते कळत नाही. आमच्या गटात नव्या माणसाला सगळ्यात आधी शिकवतात ते पडायला. कुठे पडायचं, भाल्याच्या वाटेतून बाजूला कसं लोळायचं, मेल्यावर टोपी चेहऱ्यावर कशी घ्यायची म्हणजे हसू दिसत नाही. बाजू तर आम्ही सर्रास बदलतो. राजाची माणसं कमी पडली की पार्लमेंटच्या एका तुकडीला सांगायचं, आज तुम्ही तिकडे. शनिवारी ज्याच्यासाठी मेलात, रविवारी त्याच्यावरच चाल.

पण थांबा. तिकडचं सगळं सोनं आणि इकडचं सगळं माती, हे चाकरमान्याचं जुनं दुखणं मला लागू द्यायचं नाहीये. इंग्रज ही यादवी इतक्या सहज खेळतात, कारण ती जखम कधीच भरली. राजाच्या बाजूचा म्हणून आज कुणाला घर भाड्याने नाकारत नाहीत. आपल्याकडे मिरजेला २००९ साली अफजलखानवधाच्या देखाव्यावरून दंगल पेटली होती. आणि जिथे या लोकांची जखम भरलेली नाही, किंवा जखम दुसऱ्याची आहे, तिथे तेही गप्पच असतात.

ते मला माझ्या घराजवळच कळलं. मी वूलिचला राहते. तिथून जवळच शूटर्स हिल नावाची टेकडी आहे, आणि टेकडीवरच्या रानात एक तिकोनी बुरूज. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. पहिल्यांदा बसमधून पाटी वाचली तेव्हा काही लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि पोटात गोळा आला. सेव्हर्नड्रूग. सुवर्णदुर्ग! हर्णैच्या किल्ल्याचं नाव लंडनच्या टेकडीवर. बुरूज १७८४ सालचा, ६३ फूट उंच, विल्यम जेम्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी अधिकाऱ्याच्या विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधलेला. दारावरच्या शिलालेखात लिहिलंय की २ एप्रिल १७५५ रोजी मलबारच्या किनाऱ्यावरचा हा किल्ला त्याच्या शौर्यापुढे पडला. मलबार! आमच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग आपण मलबारी काय गो?’

बुरूज मोडकळीला आला होता. आसपासच्या लोकांनी चिकाटीने पैसे उभे केले, २०१४ साली तो पुन्हा उघडला, आणि आजही स्वयंसेवकच तो चालवतात. मी एका रविवारी वर गेले, चहा घेतला, गच्चीवरून लंडन पाहिलं. चहा देणाऱ्या आजीबाईंना सांगितलं की मी त्या दुसऱ्या सेव्हर्नड्रूगची. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. अडीचशे वर्षांनी युद्धखर्चापैकी एवढं परत आलं, असं मी दादाला कळवलं.

आमच्या गटातल्या त्या बंदूकवाल्याला ही गोष्ट सांगितली तर तो उडालाच. म्हणाला, आपण हेच करू! दोन एप्रिलला, टेकडीच्या पायथ्याशी, छोटासा प्रसंग. तू तुझ्या लोकांच्या बाजूने उभी राहा. मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माझे लोक कोणते?

कारण किल्ल्यात होते तुळाजी आंग्र्यांचे, म्हणजे कान्होजींच्या मुलाचे, लोक. बाहेर समुद्रात जेम्सचं ४४ तोफांचं ‘प्रोटेक्टर’. आणि जेम्सच्या जोडीला, इंग्रजांशी करार करून आलेले, नानासाहेब पेशव्यांचे लोक. दारूगोळ्याला आग लागली, किल्ला पडला, ठरल्याप्रमाणे तो पुढे पेशव्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जाळलं. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. कान्होजींनी ज्या आरमाराच्या जोरावर इंग्रजांना जेरीस आणलं, ते बुडवायला इंग्रजांना बोलावणारे आपलेच. यात नानासाहेबांचीही बाजू आहे: तुळाजी त्यांना जुमानत नव्हता, किनाऱ्यावरची जहाजं लुटत होता. ती बाजू मांडायला कुणीतरी पेशव्यांचा सरदार व्हायला लागेल. म्हणजे हर्णैच्या पुळणीवर हा प्रसंग करायचा तर दोन्हीकडे मराठे, आणि मध्ये एक इंग्रज. अशी यादी ग्रुपवर टाकून पाहा. शुभ सकाळसुद्धा बंद होईल.

गटात मी ‘विचार करून सांगते’ म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. ज्या प्रश्नावर मी दादाच्या पोरांना फोनवरून व्याख्यान दिलं, त्याच प्रश्नापुढे मी स्वतः गोणपाटाची बाटली धरून उभी आहे.

आणखी एक काळजी. शत्रूची यादी भरायची वेळ आली की ती कशी भरेल, हे मला आत्ताच दिसतंय. सिद्दी कोण? तर मोहल्ल्यातली पोरं आहेत की. ती पोरं होतीलही, दोस्तीखातर. पण दरवर्षी तीच? महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. १६७९ ला खांदेरीच्या पाण्यात मायनाक भंडाऱ्याच्या जोडीने तो इंग्रजांशी झुंजला. मोहल्ल्यातल्या पोराला दौलतखान व्हायचा पहिला हक्क आहे, आणि आमच्या आळीतल्या एखाद्याने काळी दाढी लावून सिद्दी व्हावं. चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठीत जे येईल ते अंगावर घ्यावं आणि नीट मरावं.

हे आपल्याला जमणार नाही, असं म्हणणाऱ्याने शिमग्यात एकदा आमच्याकडे यावं. खेळे दारात येतात, मृदंग घुमतो, आणि अंधारातून संकासुर उडी मारतो: काळा पायघोळ वेश, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं. वेद पळवणारा असुर तो, विष्णूच्या हातून मरणारा. लहानपणी आम्ही त्याला पाहून आजीच्या पदरात शिरायचो आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या मागे धावायचो. मुंबईला नोकरी करणारा माणूस रजा टाकून येतो कशासाठी, तर या असुराचं सोंग घ्यायला. बायका त्याला ओवाळतात, आजारी पोर त्याच्या पायाशी घालतात. आमच्या आळीत ते सोंग एकाच घरात आहे आणि ते घर ते कुणाला देत नाही. गावातला सगळ्यात मोठा मान खलनायकाचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग तीच माणसं तीन महिन्यांनी फोनवर ‘शत्रू कोण होणार’ म्हटलं की गप्प का होतात?

हे असंच्या असं दादाला बोलले. परवा रात्री. तिकडे पहाट, त्याला होडीवर जायची घाई. तो बराच वेळ काही बोलला नाही, मागे इंजिनाची फटफट ऐकू येत होती.

मग म्हणाला, ‘पोरांनी ठरवलंय. तुळाजीचाच प्रसंग करायचा. पेशव्यांकडून कोण उभं राहणार त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या, दोन जण रुसले, एक परत आला.’

‘आणि जेम्स?’

‘तो तू. तुला भाषा येते, टोपी पण तुझ्याकडे आहे. पाण्याचं आम्ही बघतो.’