क्यूआर स्कॅन झाला म्हणून आधार खरं होत नसतं

लातूरच्या ट्यूशन एरियात खोल्या भाड्यानं देणाऱ्या मामांनी कालपासून एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरवलाय: “भाडेकरूचं आधार नकली आहे का, एका मिनिटात ओळखा! मोबाइलनं क्यूआर स्कॅन झाला, साइटवर नंबर सापडला, होलोग्राम दिसला, की कार्ड शंभर टक्के खरं. नंबर झाकलेला असेल तर नकली.” पोरं गावाकडूनच खोली ठरवतात, कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात. म्हणजे असल्या मेसेजवर विसंबून खोलीची किल्ली दिली जाणार.

आधी क्यूआर. २०१८ पासूनच्या आधारवरचा क्यूआर साध्या कॅमेऱ्यानं वाचला तर आकड्यांची लांबलचक रांग दिसते, दुसरं काही नाही. स्कॅन केल्यावर एखादं पान उघडून हिरवी टिक दिसली, तर उलट सावध व्हा. ज्यानं कार्ड बनवलं त्याला ते पान बनवायला कितीसा वेळ लागतो? त्याआधीच्या कार्डांवर क्यूआरमध्ये नाव-पत्ता उघडा लिहिलेला असायचा. तसला क्यूआर कुणीही फुकटात तयार करतं. नव्यात आधार देणाऱ्या सरकारी संस्थेची, म्हणजे यूआयडीएआयची, २०४८ बिटची डिजिटल सही असते, पण ती तपासायला त्यांचंच स्कॅनर अ‍ॅप लागतं.

अ‍ॅपनं सही बरोबर म्हटलं तरी काम अर्धंच झालं. दुसऱ्याच्या खऱ्या कार्डाचा क्यूआर कापून नकली कार्डावर चिकटवता येतो. म्हणून अ‍ॅपमध्ये उमटलेलं नाव, जन्मतारीख, फोटो आणि नंबरचे शेवटचे चार आकडे कार्डाशी ताडून बघा. मग व्हिडिओ कॉल लावून तोच फोटो समोरच्या चेहऱ्याशी जुळवा. स्कॅन होतच नसेल तर लगेच चोर ठरवू नका. हा क्यूआर फार दाट असतो आणि व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

यूआयडीएआयच्या साइटवर नंबर तपासा, हे ठीक; तेवढं मान्य. शून्यानं किंवा एकनं सुरू होणारा नंबर तर खोटाच, तो तिथवर न्यायचीही गरज नाही. पण साइट सांगते काय? नंबर अस्तित्वात आहे, वयोगट, लिंग, राज्य, मोबाइलचे शेवटचे तीन आकडे. नाव नाही, फोटो नाही. दुसऱ्याच्या नंबरावर स्वतःचं नाव छापणारा इथं आरामात पास होतो.

होलोग्राम पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच्या कार्डावर असतो. साइटवरून उतरवलेल्या ई-आधारच्या प्रिंटवर तो नसतोच, तरी ती तितकीच ग्राह्य. आणि फोटोत होलोग्राम काय तपासणार, कप्पाळ?

राहिलं झाकलेल्या नंबराचं. हा सगळ्यात घातकी सल्ला. पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ यूआयडीएआयच देते, आणि त्यावरचा क्यूआर तसाच तपासता येतो. असं कार्ड पाठवणाऱ्या पोराला पूर्ण नंबर मागू नका, मामा. क्यूआर आणि चेहरा जुळला की खोली त्यालाच द्या.